मोजणीच्या वेळी जो उभा

ज्या दिवशी माणूस चार पाय सोडून दोन पायांवर उभा राहिला, त्या दिवशी लोकशाहीचा जन्म झाला. कंबरदुखीचाही त्याच दिवशी झाला. आमच्या टर्की क्रीक खोरे ऑस्टिओपॅथिक मंडळाला, खरं सांगायचं तर, या दुसऱ्या बाळाचंच जास्त कौतुक. आम्ही हाडं-सांधे हातांनी जागेवर बसवणारे डॉक्टर. औषधं देतो, पोटं फाडतो, सगळं करतो. पण जीव बोटांत.

म्हणून आमच्या सभेत मतासाठी हात वर करत नाहीत. संस्थापकांच्या पहिल्याच बैठकीत निम्म्या सभासदांचे हात शेजाऱ्याच्या मानेवर होते आणि मोजणी काही जमेना. तेव्हापासून ठराव हवा त्याने खिडकीकडे उभं राहायचं, नको त्याने स्वयंपाकघराकडे. बसलेल्याचं मत नाही, पडलेल्याचंही नाही. बरोबरी झाली तर ठराव पडला. आणि अध्यक्षांचा हातोडा टेबलावर पडेपर्यंत काहीच पक्कं नाही. मोजायचं काम माझं. खुर्चीवर चढून मोजतो, म्हणून मला मत नाही.

त्या वर्षी ठराव आणला होता लोर्ना डेनलिंगर या पोरीने. विद्यार्थ्यांना आम्ही एक मत दिलंय, ते तिच्याकडे होतं. खोऱ्यातल्या एकुलत्या एक इस्पितळाने नवीनच फतवा काढला होता: निवासी डॉक्टर म्हणून जागा हवी तर आपल्या ऑस्टिओपॅथांच्या परीक्षेबरोबर त्या दुसऱ्या, एमडीवाल्यांच्या परीक्षेतही पास व्हा. इस्पितळ मंडळाचं, तेव्हा फतवा ठेवायचा की काढायचा हेही मंडळाच्याच हातात. तो काढा, एवढाच लोर्नाचा ठराव. लोर्नाने आपलीच परीक्षा दिली होती, आणि झकास दिली होती. पण ठराव पडला असता तर तिला जागा नव्हती. आणि निवासी झाल्याशिवाय परवाना नाही. म्हणजे एवढं शिकून ती डॉक्टर फक्त आईच्या फोनवरच्या बढायांत.

फतवा काढणारे डॉक्टर व्हर्जिल क्लिंगनस्मिथ. इस्पितळातल्या शिकाऊ डॉक्टरांचे मुख्य. मान तिरपी करून बोलायचे, म्हणजे ऐकणाऱ्याची मान दुखायला लागे.

"दोन परीक्षांनी कुणी मरत नाही, पोरी."

"तुम्ही किती दिल्या, डॉक्टर?"

"एकच. पण ती अवघड होती."

"आत्ताही तीच आहे. प्रश्नसुद्धा बरेचसे तेच आहेत."

सभा हसली. क्लिंगनस्मिथ हसले नाहीत. अध्यक्षा मेव्हिस टोलेफसन यांनी आवाजी मत घेतलं. दोन्हीकडून सारखाच गोंगाट झाला. बाई म्हणाल्या, "उठा आता सगळे. आणि ताटातली जेली संपवून उठा, परत मागायला जाऊ नका."

लोर्ना उठली. स्वयंपाकघराच्या दिशेने निघालेले क्लिंगनस्मिथ तिच्या बाकापाशी थांबले आणि गळपट्टीच्या हाडामागे अंगठा रुतवून त्यांनी तिला खाली बसवलं. ही जागा आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तिथे दाबलं की गुडघे आपोआप मोडतात.

"बस गं. सारखं उभं राहिल्याने नसा फुगतात."

ती परत उठली. त्यांनी परत दाबली. तिसऱ्यांदा पोरगी डोक्याच्या बाजूने वर आली. तिचं टाळकं त्यांच्या जबड्याखाली असं बसलं की भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यानेही डोळे मिटले असते. क्लिंगनस्मिथांच्या तोंडातून काहीतरी उडालं. मला वाटलं, अपशब्द.

मग लोकशाही पेटली.

एखाद्याचं मत कमी करायचं तर त्याला आडवा करायचा, एवढं गणित सगळ्यांना एकाच वेळी उमगलं. खुर्च्या उडाल्या. गाजर घातलेली लिंबाची जेली कुणाच्या तरी डोळ्यात गेली, पाठोपाठ आलेला जेलीचा काटा थोडक्यात चुकला. जाणकारांची मारामारी वाईट. साधा माणूस पोटात ठोसा मारतो. आमचा माणूस नेमकी कूर्चा शोधतो. डॉक्टर होबार्टनी शेजाऱ्याचा खांदा निखळवला, आणि लगेच सवयीने जागेवर बसवला.

"आता कसं वाटतंय?"

"मोकळं वाटतंय," शेजारी म्हणाला, आणि त्याच हाताने त्याने होबार्टचं नाक फोडलं. रक्त पार माझ्या खुर्चीपर्यंत आलं.

अध्यक्षांनी शांततेसाठी हातोडा आपटला, मग फेकला. तो एका कपाळावर लागून कुठेतरी गडप झाला. कपाळवाला आडवा झाला. बाई खुर्चीवर बसून ओरडत राहिल्या, "नियमाला धरून! नियमाला धरून!" त्यांच्या अंगावरून एक टेबल गेलं.

शेवटी मारायला कुणी उरेना. खिडकीकडचे पडले होते, स्वयंपाकघराकडचे पडले होते. उभी एकटी लोर्ना. भुवई फाटलेली, एक बाही गेलेली, दोन्ही पाय रोवलेले.

"बाजूने एक!" मी ओरडलो. "विरुद्ध कुणी नाही!"

"थांब," जमिनीवरून आवाज आला. क्लिंगनस्मिथ टेबलाचा पाय धरून उठत होते. ते उठले की बरोबरी. गुडघ्यावर आले, आणि तिथेच कंबरेत चमक भरून पाठीवर कोसळले. बोलणंही पोकळ येत होतं. "पोरी... कंबर धरलीय. हात लाव."

आमच्यात हात मागितला तर नाही म्हणत नाहीत. पण वाकली तर तिचं मत गेलं, आणि त्यांची कंबर सुटली तर ते उभे.

"हातोडा पडू द्या, डॉक्टर. लगेच लावते."

"हातोडा कुठाय?" अध्यक्षा म्हणाल्या.

कुणाला दिसेना. क्लिंगनस्मिथ कण्हले, "पाठीत काहीतरी टोचतंय."

"लांबट आहे?" लोर्नाने विचारलं. "दांडा असल्यासारखं?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिचं रक्त हनुवटीवरून ठिबकत होतं, पण पाय तसूभर हलला नव्हता. मग पाठीखाली हात घालून त्यांनी हातोडा काढला आणि शिव्या देत अध्यक्षांकडे सरपटवला. तत्त्वं सोडता येतात माणसाला. कंबर नाही सोडता येत.

ठक. ठराव मंजूर.

लोर्ना आता वाकणार, तेवढ्यात क्लिंगनस्मिथच म्हणाले, "सोमवारी मुलाखतीला ये. अंगठा झुगारून उठणारा निवासी मला अजून मिळाला नव्हता."

"येते, डॉक्टर. आता कुशीवर वळा."

"वळतो. पण आधी तो डावा पाय जरा उचल."

"का?"

"माझी कवळी आहे त्याखाली."