वाऱ्याची बाजू

कप्तानाच्या पत्राला कवळीकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही लांबलचक नव्हतं. यंदाच्या शर्यतीत उतरण्याऐवजी तू सुरुवातीचा झेंडा दाखवशील का, एवढंच सायकल क्लबच्या कप्तानाने विचारलं होतं. खाली 'घाई नाही' असं लिहून त्याखाली रेघ मारली होती, आणि ती इतकी दाबून, की कागद फाटायचाच राहिला होता.

गंमत अशी, की दोघं दर रविवारी भेटत होते. हातभर अंतरावरून सायकली चालवत हवेबद्दल, गुडघ्यांबद्दल, नव्या डांबराबद्दल बोलत होते. पत्राबद्दल मात्र चकार शब्द नाही. तोंडावर विचारायचं धाडस नव्हतं म्हणून तर कप्तानाने टपाल गाठलं होतं, आणि तोंडावर नकार द्यायचं धाडस नव्हतं म्हणून काकांनी ते पत्र कामाच्या टेबलाच्या खणात, प्लास्टरच्या जबड्यांखाली सारून दिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काका दातांच्या कवळ्या बनवायचे. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे; काका त्यांवर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवायचे, कानशीने घासायचे, जिभेला टोचेल असा कंगोरा बोटाने चाचपून काढायचे. क्लबातलं त्यांचं नाव या धंद्यावरूनच पडलं होतं.

"उत्तर द्या हो त्या माणसाला," बायको म्हणाली. "पत्र म्हणजे काय दारू आहे, ठेवून चांगली व्हायला?"

"इतक्या वर्षांचा दोस्त. त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"तोंडांना काय तोटा? खणभर आहेत. घ्या त्यातलं एखादं."

काका हसले, पण उत्तर काही लिहिलं नाही. शर्यत हा त्यांचा जीव की प्राण होता. जिंकले मात्र एकदाही नव्हते. एकदा तिसरे आले होते, तेही पुढचे तिघं एकमेकांवर आदळले म्हणून. पण झेंडा खाली येण्याआधी सगळे एकदम गप्प होतात, कोणी तरी विनाकारण खाकरतं, पोटात खड्डा पडतो, त्या एका घटकेसाठी ते वर्षभर प्लास्टर कालवत बसायचे. झेंडा हातात धरणाऱ्याच्या पोटात खड्डा पडत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शिवाय यंदा पाय हलके वाटत होते. सत्तरीला टेकलेल्या माणसाचे वाटू नयेत इतके हलके. पुढच्या रविवारी जरा जोरात चालवून दाखवायचं, आणि मग ऐटीत 'शर्यतीत उतरतो' असं लिहायचं, असा त्यांचा बेत ठरला.

त्या रविवारी वारा सुटला होता. वाऱ्यात क्लब कसा चालतो, ते आधी सांगायला हवं. सगळ्यात पुढे असेल तो वारा फोडतो, बाकीचे त्याच्या आडोशाने मागे चालतात. पुढचा दमला की बाजूला होऊन शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. वारा बाजूने असला तर आडोसाही बाजूला सरकतो, म्हणजे त्या बाजूला जो असेल तो वारा झेलतो. पाळी चुकवणाऱ्याला क्लबात कोणी विचारत नाही.

काका मधे होते. त्यांच्या डाव्या हाताला बेकरीवाला होता, कपाटासारखा रुंद आणि तिशीतला. क्लबात यंदा जिंकेल तर हाच, असं सगळे म्हणायचे. मागे नर्सबाई, पुढे कप्तान.

"काका, आज फॉर्मात दिसताय!" बेकरीवाला ओरडला. "दात विकून नव्या मांड्या घेतल्या की काय?"

"तू पाव भाज. मांड्यांचं मी बघतो."

गोदामांपाशी रस्ता वळला. आतापर्यंत डावीकडून येणारा वारा आता उजवीकडून येऊ लागला. बेकरीवाला मागे गेला आणि काकांच्या उजव्या अंगाने वर आला. पुढे पुलापाशी रस्ता पुन्हा वळला. बेकरीवाला पुन्हा डावीकडे.

काकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

आजारातून उठलेल्या माणसाला असंच मधे घ्यायचं आणि वाऱ्याच्या बाजूला आपण राहायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही, ही क्लबची रीत होती. बेकरीवाला नवा असताना काकांनीच ती त्याला शिकवली होती. आता आठवू लागलं तसं त्यांच्या लक्षात आलं, की पुढे जायची आपली पाळी गेल्या कित्येक रविवारी आलीच नव्हती. पाय हलके नव्हते झाले. वाराच कोणी लागू देत नव्हतं.

खात्री करावी म्हणून ते मागे रेंगाळले. बेकरीवाला रेंगाळला. ते रस्त्याच्या कडेला सरकले, तर नर्सबाई हळूच कडेला आली. ही माणसं त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होती, आणि त्यातून सुटायला वाट म्हणून नव्हती. शेवटी काका उठले, पेडलवर उभे राहिले आणि कप्तानाला ओलांडून सगळ्यांच्या पुढे गेले.

वारा तोंडात मारल्यासारखा लागला. थोडं अंतर ते नेटाने गेले, मग मांड्या पेटल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. आता कोणी तरी पुढे यावं, असं त्यांना वाटत होतं, पण कोणी येईना. सगळा क्लब शहाण्या मुलांसारखा त्यांच्या मागे ओळीने, मुंगीच्या पावलांनी चालला होता. इतक्यात बॅटरीच्या सायकलवरून एक बाई, हँडलला भाजीच्या पिशव्या लटकवलेली, घंटी वाजवत सगळ्यांना मागे टाकून निघून गेली. हसलं कोणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या नळापाशी सगळे थांबले. काका भिंतीला टेकून बसले. दम परत आल्यावर त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं, "मागच्या वर्षी शर्यतीत तू माझ्याबरोबर शेवटी आलास. पंक्चर झालं म्हणालास. कुठलं चाक होतं रे?"

"मागचं," बेकरीवाला म्हणाला.

"पुढचं," त्याच वेळी नर्सबाई म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कप्तान बाटलीचं झाकण लावू लागला. झाकण आधीच लागलेलं होतं.

"दोन्ही झाली असतील," काका म्हणाले.

"काका, तसं नाही..." नर्सबाई चाचरली. "तुम्ही चढावर पांढरेफटक पडला होता. मी त्याला म्हटलं, तू थांब यांच्याजवळ."

"तिने सांगायची गरज नव्हती," बेकरीवाला मान खाली घालून म्हणाला. "आणि माझं काय, मी काय म्हातारा होतोय? यंदा नाही तर पुढच्या वर्षी जिंकेन."

"मी सांगतो, यंदा नाही थांबायचं. मी पडलो तरी नाही. कळलं?"

"बरं, काका."

हे 'बरं' काकांना ओळखीचं होतं. कवळी बसत नाही म्हणून चिडलेल्या म्हाताऱ्यांना ते स्वतः अगदी याच सुरात 'बरं' म्हणायचे.

"बरं म्हणतोस, पण करणार नाहीस."

"नाही करणार," तो म्हणाला. "तुम्ही मागे एकटे वाऱ्यात, आणि मी पुढे? पाय चालणार नाहीत माझे. शिव्या घाला हवं तर."

काकांना एकही शिवी सुचेना. राग येण्यासारखं कोणी काही केलंच नव्हतं. आपण उतरलो की हा पोरगा शर्यत सोडणार, न उतरलो की आपली सुटणार. यातून तिसरी वाट निघते का, हे त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. तिसरी वाट नव्हती. परतताना ते निमूटपणे मधे राहिले. बेकरीवाला वाऱ्याच्या बाजूला आला, तेव्हा त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'शर्यतीत उतरतो, पण'. 'पण'च्या पुढे काही येईना. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'झेंडा दाखवतो, पण'. तोही चुरगळला. शेवटी लिहिलं, 'झेंडा दाखवतो. बेकरीवाल्याला पहिल्या ओळीत उभा कर.' मग सही केली.

बायको दारात उभी होती. "सुटलात एकदाचे. हलकं वाटलं का?"

"नाही."

"मग आज राहू द्या. उद्या टाका."

"उद्या टाकणार नाही मी. तू ओळखतेस मला."

दारामागचं त्यांचं जाकीट काढून तिने पुढे केलं.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती, तरी काका सायकल घेऊन गेले. चालत गेले असते तर वाटेत परत फिरले असते. पेटीपाशी ते एक पाय जमिनीला टेकवून थांबले. कोणी तरी ओळखीचं भेटेल, काही तरी विचारेल, तेवढाच वेळ जाईल, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. त्यांनी पाकीट फटीत घातलं, दोन बोटांत धरून ठेवलं, आणि सोडलं. मग हात घालून ते परत काढता येईल का, हेही करून बघितलं. फट अरुंद होती.