हाताजोगं पातं

नत्थूजींनी चौथा कोयता बांबूवर मारला. पातं अर्ध्यात अडकलं. दांडा हलवून हलवून त्यांनी ते सोडवलं आणि कोयता पुन्हा फळीवर ठेवला.

"ह्याचाबी तोल बरोबर नाही," ते म्हणाले.

प्रयागबाईने पुढचा कोयता त्यांच्याकडे सरकवला. लोहाओळीतलं हे दुकान नवऱ्यामागे ती एकटीच चालवत होती आणि जंगल मोजणाऱ्या तुकडीतले नत्थूजी दर चैत्रात कोयता घ्यायला तिच्याकडेच येत. तुकडी सोमवारी सावनेरच्या पुढे निघायची होती. सगळ्यांत पुढे नत्थूजी, झाडोरा छाटत वाट काढणार. मागून साखळी, दुर्बीण आणि साहेब. बावीस वर्षं हाच क्रम होता. गेल्या साली उजव्या खांद्यावर फांदी पडली. खांदा बरा झाला, असं त्यांनी ऑफिसात सांगितलं होतं.

पाचवा कोयता हलका होता. त्यांनी तो खांद्यापर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला. वर जाईना.

"कोयत्याले काहून दोष देऊन राहिले जी?" प्रयागबाई हळूच म्हणाली. "बसा. पाणी प्या."

ते बसले. समोरच्या दुकानात कोणीतरी पत्रा ठोकत होतं. त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला.

"पुढच्याचा वार चुकला," ते म्हणाले, "तर फांदी मागच्याच्या तोंडावर येते."

मग ते उठून फळीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे सुऱ्या मांडल्या होत्या. एकेक उचलून त्यांनी नखावर धार पाहिली, मूठ दाबून पाहिली. घाई केली नाही.

"घरी सुरी नाही का?"

"घरी बायकोची, कौशल्याची आहे. ही जंगलात न्याची आहे." त्यांनी एक रुंद पात्याची सुरी बाजूला काढली. "औंदा माह्या मागं चालणारा कवडू पुढं राहीन. त्याचा कोयता तो पाहून घेईन. मी सायबाले सांगतो, मले स्वयंपाकावर ठेवा."

प्रयागबाईने टोपलीतून एक कांदा काढून पाटासकट त्यांच्यापुढे ठेवला. नत्थूजींनी तो मधोमध कापला, मग एक अर्धा चिरला. फोडी जाड पडल्या, वाकड्यातिकड्या.

"बारीक चिरा," ती म्हणाली. "वीस माणसं जेवतीन."

नत्थूजींनी मान हलवली आणि उरलेला अर्धा कांदा पाटावर पालथा ठेवला.