कोंबडीचा पेटा

लागोसला गेलेली सगळी माणसं नाताळला गावी परततात, तसा मदुकाचा थोरला भाऊ ओनुओराही परतला. फरक एवढाच, की तो नदीत वाहून गेला असं धरून घरच्यांनी त्याचं मर्तिक केव्हाच उरकलं होतं, तेही गाय कापून आणि बँड लावून.

मदुकाच्या बायकोने, न्वाकेगोने, जेवण वाढलं. कोंबडीचा पेटा घरातल्या सगळ्यात वडील पुरुषाचा, आणि कोंबडीला पेटा एकच. तो ज्याच्या ताटात, त्याच्याच शब्दावर घर चालायचं. न्वाकेगो वाटी घेऊन दोघा भावांच्या मधोमध उभी राहिली.

"इकडे आण," मदुका म्हणाला. "दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू मेलायस. अख्ख्या गावाने तुझी गाय खाल्लीय."

"कशी होती?"

"जरा वातड होती."

"बरं, मेलो तर मेलो. पण मेलेला म्हणजे पूर्वज. या घरात पहिला घास पूर्वजांना देतात ना रे, गाढवा?"

मदुकाने पुष्कळ विचार केला. जिवंत धरावा तर दादा थोरला, मेलेला धरावा तर त्याहून थोरला. शेवटी त्याने मान हलवली आणि वाटी दादापुढे गेली.

ओनुओराने पेटा या गालातून त्या गालात फिरवला आणि तसाच बाहेर काढला. त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

"घे," तो म्हणाला. "पूर्वजांनी दिलेलं नाकारू नये. घरही तूच सांभाळ, मेल्या माणसाला ते जमत नाही."

मदुकाने पेटा चावून पाहिला. गाईपेक्षा मऊ होता.