शेजारच्या सीटवरचा पाय

मास्तरांनी दहाव्यांदा ब्रेक दाबला. पिवळ्या गाडीने नाक खाली घातलं, पट्ट्याने मास्तरांची छाती आवळली आणि सगळं एकदम शांत झालं. मागोमाग तापलेल्या पॅडचा वास आत आला. त्यांनी काच खाली केली. ट्रॅकच्या कडेला संपादकबाई यंत्राच्या छोट्या पडद्यावर वाकल्या होत्या.

"किती?"

"चौतीस मीटर. पहिल्या वेळी तेहतीस होतं."

"अठराशे किलोचं धूड, शंभरच्या वेगावरून, लागोपाठ दहा वेळा," मास्तर म्हणाले, "आणि पेडल अजून सैल पडलेलं नाही. ट्रॅकचे नऊ लिहा."

संपादकबाईंनी नऊ लिहिले. मास्तर दहा कोणाला देत नसत. एकतीस वर्षांत एकदाही दिले नव्हते. दहा दिले की पुढच्या गाडीला काय द्यायचं, असं ते म्हणायचे.

गाड्यांच्या त्या मासिकात ब्रेक तपासायचं काम मास्तरांकडे होतं. त्याआधी ते गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून मास्तर. आठ सिलिंडरची, लांब नाकाची, दोन दारांची अशी एखादी मसल कार आली की बाकीचे तिच्या इंजिनाभोवती पिंगा घालायचे. मास्तर मात्र चाकाजवळ उकिडवे बसून ब्रेकच्या डिस्ककडे बघायचे. पळणारी गाडी कोणालाही आवडते, थांबणारी ओळखायला माणूस लागतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या परीक्षेत दोन रकाने असत, ट्रॅक आणि रस्ता. ट्रॅकवर ब्रेक तापल्यावर कसा वागतो ते बघायचं, आणि रस्त्यावर तो थंड असताना. काही गाड्यांचे ब्रेक ट्रॅकवर पैलवान असतात आणि सिग्नलला नुसता पाय टेकवला की कचकन चावतात. ट्रॅकचे गुण यंत्र सांगायचं. रस्त्याचे गुण मास्तर सांगायचे, आणि वाचक मासिक आधी त्याच पानावर उघडायचे.

"आता रस्ता," संपादकबाई म्हणाल्या. त्या वयाने मास्तरांच्या मुलीसारख्या होत्या आणि खुर्चीवर येऊन त्यांना आठच महिने झाले होते. "मास्तर, मी मागच्या आठवड्यात बोलले होते ते लक्षात आहे ना? या अंकापासून प्रत्येक गुणामागे आधार छापायचा. रस्त्याच्या रकान्याला आधारच नाही. मालक म्हणतात, नसेल तर रकाना काढून टाका."

"अनुभव हा आधार नाही होय?"

"अनुभव छापता येत नाही. म्हणून आज मी मागच्या सीटवर बसते. तुम्ही गुण कसे ठरवता ते बघते आणि तेच लिहिते. मला तो रकाना काढायचा नाहीये, मास्तर."

मास्तरांनी मान डोलावली आणि डिस्क थंड करायला ट्रॅकवर एक सावकाश फेरी मारली. रस्त्याचे गुण ते कसे ठरवतात हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तिला तर मुळीच नाही, कारण ते गुण तिच्या पायाचे होते.

त्यांची बायको पडदे शिवायची. दर शनिवारी तयार पडद्यांचे गठ्ठे गिऱ्हाइकांकडे पोचवायचे असत, आणि मास्तर तपासणीची जी गाडी असेल ती घेऊन दारात यायचे. पहिल्याच वर्षी त्यांच्या ध्यानात आलं होतं की शेजारी बसलेल्या बायकोचा उजवा पाय कधी कधी जमिनीवर दाबला जातो, जणू तिथेही एक पेडल आहे. चांगल्या ब्रेकच्या गाडीत पाय निवांत असायचा. ब्रेक दगाबाज निघाला की टाच उचलली जायची आणि चवडा रुतायचा. मास्तरांनी त्यावर विचार करून एक सिद्धांत काढला होता. हा पाय आयुष्यभर शिलाई मशीनच्या पेडलवर वावरलेला, एका टाक्यावर मशीन थांबवणारा, म्हणून त्याला ब्रेकची नस कळते. तेव्हापासून ते सिग्नलला एक डोळा रस्त्यावर ठेवायचे आणि दुसरा तिच्या पायावर. तिला सांगितलं असतं तर पाय सावध झाला असता, आणि सावध पाय काय कामाचा.

दारात बायको दोन गठ्ठे घेऊन उभीच होती.

"ही कसली पिवळी जर्द आणलीत? लांबून लिंबू येतंय असं वाटलं," ती म्हणाली आणि मागे वाकून बघू लागली. "अगं बाई, संपादकबाई. या गाडीत मागे माणसं बसतात?"

"बसवली की बसतात, काकू," संपादकबाई म्हणाल्या. गुडघे हनुवटीला टेकले होते आणि आता मांडीवर निळ्या पडद्यांचा गठ्ठाही आला होता. त्यांनी त्याच्यावर वही टेकवली.

पहिला सिग्नल लागला. मास्तरांनी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल अलगद खाली गेलं, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी सावकाश थांबली. ट्रॅकवरच्या पैलवानाने रस्त्यावर एवढी अदब दाखवावी, याचं मास्तरांना कौतुक वाटलं. मग त्यांनी हळूच खाली बघितलं. बायकोचा चवडा रुतला होता.

असेल, पहिलाच सिग्नल आहे, असं ते मनाशी म्हणाले. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी आणखी हलक्या पायाने गाडी थांबवली. तिची टाच उचललेली होती. पुढे एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडत होते, तिथे तर तिच्या पायाखालची मॅटसुद्धा पुढे सरकली. मागे पेन्सिल कागदावर टकटक वाजत होती. स्वतःच्या पायाला विचारावं तर असा ब्रेक दहा वर्षांत मिळाला नव्हता. बायकोच्या पायाला विचारावं तर चारच्या वर गुण नव्हते.

पडदे पोचवून तिघं परत गाडीत बसली. मास्तरांनी इंजिन चालू केलं नाही.

"मग, किती?" मागून विचारणा झाली.

मास्तरांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. चार म्हणावं तर एका चांगल्या गाडीवर अन्याय. नऊ म्हणावं तर आयुष्यात पहिल्यांदा खोटा निकाल. आणि गप्प बसावं तर रकानाच जाणार.

"संपादकबाई," ते शेवटी म्हणाले, "रस्त्याचे गुण मी देत नाही. ही देते."

"मी?" बायकोने विचारलं.

"तुझा उजवा पाय देतो. एकतीस वर्षं मी सिग्नलला तुझा पाय बघतोय. ब्रेक वाईट असला की तू जमीन दाबतेस. तेवढाच आधार आहे माझ्याजवळ." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "आणि आज पाय चार म्हणतोय. मला तर ब्रेक उत्तम वाटतोय. एवढा फरक आजवर कधी पडला नव्हता."

मग बायकोचे खांदे हलताना बघून मास्तरांना वाटलं की ती रडतेय. ती हसत होती. हसू आवरेना तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

"अहो, मला ब्रेकमधलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "मी पुढे बघतच नाही मुळी. पुढे बघण्यासारखं काय असतं? मी तुमच्याकडे बघते."

"माझ्याकडे?"

"तुम्ही गुणगुणता. सिग्नल आला, गाडी थांबली, तरी गुणगुणणं चालूच असतं. पण एखाद्या गाडीत तुमच्या मनात पाल चुकचुकली की सिग्नलच्या आधीच तुमचं गाणं थांबतं. ते थांबलं की माझा पाय आपसूक खाली जातो. आज तर घरापासून इथपर्यंत तोंडातून एक सूर नाही. मला वाटलं, आज काही आपण धड घरी पोचत नाही."

"मी गुणगुणत नाही," मास्तर म्हणाले.

मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. "मास्तर, ब्रेक किंचाळतो का ते टिपायला गाडीत माइक लावलेला असतो ना," संपादकबाई म्हणाल्या, "त्यात दर वेळी तुम्ही असता. आजही दहाच्या दहा वेळा होतात. आवाज मोजायच्या आधी तुमचं गाणं कापून काढायला आम्ही एक मुलगी बसवली आहे. ती म्हणते, चाल बरी आहे, पण कडव्यावर येतच नाही."

मास्तर समोरच्या काचेकडे बघत राहिले. आधी त्यांना ओशाळल्यासारखं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसा प्रकार. ज्या पायावर एवढा विश्वास टाकला तो त्यांचाच निकाल त्यांना परत सांगत होता. मग त्यांना आठवलं की पहिल्या वर्षी एका लाल गाडीला तीन गुण दिले तेव्हा कंपनीवाले भांडायला आले होते, आणि ते स्वतः म्हणाले होते, मला विचारू नका, गुण बदलणार नाहीत. तेव्हा वाटलं होतं की आपण बायकोच्या पायामागे उभे आहोत. खरं तर इतकी वर्षं बायकोच आपल्या सुरात सूर मिसळून बसली होती. त्यांना हसू फुटलं आणि मग तिघंही इतकी हसली की फुटपाथवरून जाणाऱ्या एका बाईने थांबून आत डोकावून बघितलं.

"म्हणजे मी मागे बसले म्हणून गाणं बंद, आणि गाणं बंद म्हणून पाय घाबरला," डोळे पुसत संपादकबाई म्हणाल्या. "पण मला संध्याकाळी पान द्यायचंय. आता काकूंचा पाय सावध झाला आणि तुमचं गाणंही. आज लिहू काय?"

बायकोने क्षणभर विचार केला आणि स्वतःचा पट्टा सोडला.

"उतरा," ती मास्तरांना म्हणाली. "या इकडे बसा. मी चालवते."

"तू?"

"परवाना आहे माझ्याकडे. पहिल्या झटक्यात मिळालेला. मास्तर चांगले होते."

ते खरं होतं. ती त्यांच्याकडेच शिकली होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, मास्तरांसाठी. लग्नानंतर मात्र स्टिअरिंग त्यांच्या हाती गेलं ते गेलंच. तिने कधी मागितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

"मला माहीत असताना माझा पाय खरं कसं सांगेल?" शेजारी बसता बसता मास्तर म्हणाले.

"तुम्हाला माहीत असलं काय, नसलं काय. शिकवताना तुमचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवरून एकदा तरी उचलला होता का? तीन महिने मी रस्ता कमी आणि तुमचा बूट जास्त बघितला. तो पाय गप्प बसणाऱ्यांतला नाही."

गाडी निघाली. पहिल्या सिग्नलला मास्तरांचा पाय धाडकन जमिनीवर आपटला. मागे पेन्सिल चालल्याचं त्यांना ऐकू आलं. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी दोन्ही पाय शहाण्यासारखे जोडून ठेवले, पण चवड्याने दगा दिलाच. बायको पाठ ताठ ठेवून बसली होती, मशीनवर बसते तशी, आणि पुढचा दिवा लाल व्हायच्या आधीच तिचा पाय पेडलवर जाऊन थांबायचा. शिवण संपत आली की ती मशीनचा वेग असाच उतरवत न्यायची. हे मास्तरांनी हजारदा बघितलं होतं. गाडीत ते आज पहिल्यांदा बघत होते.

"ही आधीच तयारी करते," ते मागे वळून संपादकबाईंना म्हणाले, जणू ते स्वतःच चालवत होते. "बघितलंत? पेडल दाबत नाही ती, नुसतं वजन ठेवते. लोकांना वर्षानुवर्षं जमत नाही हे. आणि ब्रेकही बघा, जेवढं वजन तेवढंच ऐकतोय, तसूभर जास्त नाही. याला म्हणतात ब्रेक." मग ते पुन्हा पुढे वळून बायकोच्या चेहऱ्याकडे बघत बसले. ऊन तिच्या कानामागच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. आपल्याला फार बरं वाटतंय, एवढंच त्यांना कळत होतं.

नदीच्या पुलाअलीकडचा सिग्नल लाल झाला आणि गाडी थांबली. शेजारच्या सायकलवाल्याने जमिनीला पाय टेकवला नसता तर थांबली हे मास्तरांना कळलंही नसतं. संपादकबाई दोन सीटांच्या मधून हळूच पुढे वाकल्या आणि त्यांनी खाली बघितलं. मास्तरांचा उजवा पाय डाव्या पायावर चढला होता. बूट टाचेतून सुटून बोटांवर लोंबत होता आणि ताल धरून हलत होता. गाणं कुठल्याच कडव्यावर येत नव्हतं.

संपादकबाई मागे टेकल्या आणि त्यांनी वहीत लिहिलं.

"काय लिहिलंस गं?" आरशातून बायकोने विचारलं.

"दहा."

गाणं थांबलं. "दहा मी कोणाला देत नाही," मास्तर म्हणाले. "आणि हे दहा गाडीचे की हिचे?"

"तुम्ही मध्ये बोलू नका," बायको म्हणाली. "आज तुम्ही यंत्र आहात."

सिग्नल हिरवा झाला. बूट मात्र मास्तरांनी परत टाचेत सरकवला नाही.