उजव्या बुटावरची खूण

मी एक जुना बूट आहे मित्रांनो, फुटबॉलचा, उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ शेजारीच असतो, पण तो फारसा बोलत नाही.

शेवटच्या साध्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर होतो. बेलमिरो चिंधीने आम्हाला चरबी लावत होता. खेळणं सोडून तीस वर्षं झाली तरी दर शनिवारचा हा नेम त्याने मोडला नव्हता. चुलीवर तारली मासे भाजत होते. त्याची मुलगी ओतीलिया पोर्तो शहरातून आली होती आणि समोर पुस्तक उघडून बसली होती.

"क्लबचा माणूस येईल पुढच्या आठवड्यात," बेलमिरो म्हणाला. "देऊन टाकतो हे बूट."

"का?"

"मग काय, तुझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवणारेस?"

"वास सुटेल हो, बाबा."

"बघा! सामना चालू असताना पुस्तक वाचणारी माझी एकुलती एक चाहती." तो हसला. तिने पान उलटलं. तारल्या थोड्या करपल्या, त्यावरून दोघांचं भांडण झालं आणि मग दोघांनी त्या मक्याच्या पावाबरोबर खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेलमिरो धक्क्यावर मित्रांबरोबर पत्ते खेळायला गेला. हातात पत्ते धरून तो बराच वेळ खाली बघत राहिला. पान टाकायला तो नेहमीच वेळ लावायचा, म्हणून कोणी काही बोललं नाही. शेवटी एकजण म्हणाला, "टाक की लेका, संध्याकाळ होईल!" आणि त्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हा त्यांना कळलं.

आता माझी गोष्ट पहिल्यापासून सांगतो. बंदरामागच्या मोच्याने मला शिवलं. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोव्हुआ गावात कोळ्यांच्या प्रत्येक घराची एक खूण असते. होडीवर, वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचावर तीच कोरतात. थोरली भावंडं तिच्यात एकेक रेघ वाढवतात. शेंडेफळाला मात्र बापाची खूण जशीच्या तशी मिळते. बेलमिरो शेंडेफळ होता. भाऊ समुद्रावर गेले, तो मैदानावर आला आणि बापाच्या सुरीने त्याने लेसच्या वर डोकावणाऱ्या माझ्या चामडी जिभेवर अर्ध्या भाल्याची खूण कोरली. परगावच्या एका सामन्याआधी तिथल्या मोच्याला वाटलं, चामडं फाटलंय. त्याने ती शिवून टाकली. बेलमिरोने एकेक टाका उसवला, तेव्हा कुठे तो मैदानात उतरला.

त्याला लोक 'कडी' म्हणायचे, दाराची कडी. मित्रांनो, गोल करणाऱ्याच्या बुटाचे फोटो निघतात. बचावपटूने काम चोख केलं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही. पण आमच्या बाया हिशेब ठेवायच्या. लिस्बनचा एखादा आघाडीवीर बेलमिरोला धडकून पडला की एखादी मासळीवाली ओरडायची, "ऊठ रे राजा, लोळायचंच तर वाळूत ये, मऊ आहे!" घरी गेल्यावर बेलमिरोची बायको विचारायची, "काय झालं आज?" तो म्हणायचा, "काही नाही." होड्या सुखरूप परतल्या की कोळीही बायकांना हेच सांगायचे.

एका हिवाळ्यात त्याचा थोरला भाऊ समुद्रावरून परतला नाही. तेव्हापासून समोरच्यांना कॉर्नर मिळाला की बेलमिरो वाकायचा आणि माझी लेस आवळल्यासारखं करायचा. लेस कधीच सैल नसायची. तो अंगठा खुणेवर दाबायचा, मग उभा राहायचा. हे त्याला आणि मला ठाऊक. स्टँडमधून कोणाला काय दिसणार?

ओतीलिया लहानपणी पहिल्यांदा सामना बघायला आली, त्या दिवशी त्याच्या हातून एकजण निसटला आणि गोल झाला. घरी तो थट्टेने म्हणाला, "तू टक लावून बघतेस ना, माझे पाय लटपटतात." पुढच्या रविवारी ती पुस्तक घेऊन आली. नंतर दर रविवारी. "कंटाळली पोर," तो म्हणाला, आणि मलाही तसंच वाटलं.

मग त्याचा गुडघा गेला. तो मासळीच्या लिलावघरात पेट्या उचलू लागला. मी दारामागच्या खिळ्यावर आलो. तरी शनिवार चुकला नाही.

बेलमिरो गेल्यानंतरच्या शनिवारी आम्हाला कोणी हात लावला नाही. दोन दिवसांनी क्लबचे नवे चिटणीस, सेन्योर अमांदियु, कापडी पिशवी घेऊन आले. ते आतल्या डोंगराकडचे, समुद्राशी संबंध नसलेले. माणूस भला होता.

"काचेचं कपाट तयार आहे," त्यांनी मला उचलून उजेडात धरलं. "अरेरे, जिभेला चीर गेलीय. शिवून घेऊ. वर काळं पॉलिश मारलं की नव्यासारखे दिसतील."

मित्रांनो, चामड्याला चकाकी नको असते. बोटभर चरबी आणि कोणाचा तरी हात, एवढं मिळालं तर ते टिकतं. काचेमागे सगळे बघतात, हात कोणी लावत नाही. मी घाबरलो होतो.

"ती चीर नाही," ओतीलिया म्हणाली. "आमच्या घराची खूण आहे. शेंडेफळाची. मी त्यांची एकुलती एक, म्हणजे आता माझी."

"बाई, पण त्यांनीच बूट द्यायचं कबूल केलं होतं. म्हणाले, पोरीला फुटबॉलचं काही पडलेलं नाही, स्टँडमध्ये बसून पुस्तकं वाचायची."

 तिने मला त्यांच्या हातातून घेतलं, फळीवरचा चरबीचा डबा काढला आणि खाली फरशीवर बसली. मला मांडीवर ठेवून तिने लेस नुसती चाचपली. ती घट्टच होती. मग तिने चरबी लावलेला अंगठा खुणेवर दाबला, अगदी त्याच्यासारखा.

"लेस कधीच सैल नसायची, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "मी पुस्तक वाचत नव्हते. चेंडू पार पलीकडे असायचा ना, तेव्हासुद्धा मी तुम्हालाच बघत असायचे."