मंडळाचा कॉम्प्युटर

बाळासोंनी कॅबिनेटच्या पत्र्यावर बोटानं दोनदा टकटक केलं, कान लावून आवाज ऐकला आणि मागच्या बाजूला जाऊन वाकून बघितलं. म्हशीच्या बाजारातही ते एवढंच बघत आणि सहसा फसत नसत.

"हलकं हाय," ते म्हणाले.

"आत अजून काही बसवलेलं नाही, आप्पा," दुकानदार प्रसेनजीत म्हणाला. "रिकामं आहे ते."

"रिकामं असलं तरी वजन पायजे की. वस्तू घेतल्यागत वाटाय पायजे."

म्हणून पहिला निर्णय वजनावर झाला. राजारामपुरीतल्या त्या दुकानातलं सगळ्यात जड कॅबिनेट खाली उतरवण्यात आलं, आणि उदयसिंहानं पॅडवर लिहिलं, 'कॅबिनेट : सर्वानुमते.'

मंडळाला कॉम्प्युटर मंजूर झाला होता तो अभ्यासिकेसाठी. निदान अर्जात तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात पोरांना त्यावर फुटबॉलचा गेम खेळायचा होता, आणि थोरांना मंडळाच्या सामन्यांच्या जुन्या कॅसेटी कापून, जोडून, वर गाणं टाकून गणपतीत पडद्यावर दाखवायच्या होत्या. अभ्यासाला कुणाचाच विरोध नव्हता, पण तो कुणी मागितलाही नव्हता.

खरेदी समितीत तिघं होते. बाळासो अध्यक्ष, त्यांचा दुधाचा धंदा. उदयसिंह सचिव, बिद्रीच्या साखर कारखान्यात कारकून. संचालकांच्या सभा लिहून लिहून त्याची अशी सवय झाली होती की घरी भाजी ठरली तरी तो अनुमोदक कोण ते विचारायचा. तिसरा यल्लाप्पा. उद्यमनगरातल्या फौंड्रीत काम करणारा, पंचेचाळिशीतला, रुंद पाठीचा माणूस. आजवर तो कुठल्याही समितीत बसला नव्हता. यावेळी आपणहून म्हणाला होता, मी येतो. आता तो स्टुलावर बसला होता. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला घरचा व्हीसीआर आणि त्यावर एक कॅसेट. कॅसेटीला डांबरगोळ्यांचा वास येत होता, कारण ती बायकोच्या लुगड्यांत ठेवलेली असे.

ज्ञानू चहा घेऊन आला. त्याची टपरी समोरच होती.

"काय गोलकी?" ग्लास पुढं करत तो म्हणाला. "आत हाय न्हवं?"

"रेषेवर हुता," यल्लाप्पा म्हणाला आणि ग्लास घेतला.

यात भांडण नव्हतं. लोक एकमेकांना रामराम घालतात तसं हे चाले. चौऱ्याण्णव सालच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला एक चेंडू मंडळाचा गोलकीपर असलेल्या यल्लाप्पानं झेप टाकून अडवला होता, आणि रेफ्रीनं तो रेषेच्या आत धरून गोल दिला होता. शिल्ड पलीकडच्या पेठेत गेली. यल्लाप्पाचा तो शेवटचा सामना ठरला. त्याला नऊ वर्षं झाली, पण गाव त्याला अजून भाजी मंडईत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयताला जाताना विचारायचं, "आत हाय न्हवं?" आणि तो सांगायचा, "रेषेवर हुता."

त्या सामन्याची कॅसेट होती. लग्नं घेणाऱ्या एका कॅमेरेवाल्यानं ती काढली होती. पण घरच्या व्हीसीआरवर चित्र थांबवलं की पडद्याच्या मधोमध एक पांढरा पट्टा थरथरत राहायचा, आणि तो नेमका गोलच्या रेषेवर. कॉम्प्युटरवर तसा पट्टा येत नाही असं यल्लाप्पाला कुणीतरी सांगितलं होतं.

राहता राहिला प्रसेनजीत. तो चेंडू मारणारा तोच होता.

दुकानात गल्ल्याच्या वर फोटो लावलेला होता. शिल्ड हातात घेतलेला, डोक्यावर केसांचं रान असलेला बावीस वर्षांचा प्रसेनजीत. गिऱ्हाईकं विचारत आणि तो सांगे. सांगून सांगून तो गोल थोडा थोडा आत सरकत गेला होता. पहिल्या वर्षी चेंडू रेषेच्या बोटभर आत होता. दुकान टाकलं तेव्हा वीतभर. आता तो जाळीला लागत असे.

"पुढं काय?" उदयसिंहानं पेन सरसावलं.

पुढं मदरबोर्ड आणि पेंटियम फोर झाले. त्यावर वाद झाला नाही, कारण त्यातलं कुणाला काही कळत नव्हतं. यल्लाप्पा मात्र प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी बघत होता.

"हे काय करतंय?"

"ही रॅम, अण्णा. चालू आहे तोवर सगळं लक्षात ठेवते. बंद केलं की विसरते."

"आणि ह्यो डबा?"

"हार्ड डिस्क. ही बंद केलं तरी विसरत नाही."

"म्हंजे आमच्या गावात हीच बसीवल्या," यल्लाप्पा म्हणाला आणि ती जपून खाली ठेवली.

अडलं ते शेवटी. प्रसेनजीतनं काउंटरवर दोन कार्डं ठेवली. एक ग्राफिक्स कार्ड; त्याशिवाय पोरांचा गेम धड चालणार नव्हता. दुसरं कॅप्चर कार्ड. त्याला व्हीसीआर जोडला की कॅसेटीवरचं चित्र कॉम्प्युटरात उतरणार होतं. मंजूर रकमेत दोन्हींपैकी एकच बसत होतं.

बाळासोंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, प्रसेनजीतच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटं धरली. बाजारात म्हशीचा भाव असाच ठरतो, बघणाऱ्याला कळू न देता. प्रसेनजीतला ती बोटांची भाषा येत नव्हती. त्यानं गांगरून बाळासोंची दोन बोटं दाबली. बाळासोंनी दचकून हात काढून घेतला.

"लई चढ्या भावाचा माणूस हाय," ते उदयसिंहाला म्हणाले. "एकच घ्या. ह्ये पंख्याचं घ्या. ह्याला निदान सवताचा पंखा हाय."

"पण कॅसेटी, अध्यक्ष?"

"गेम नसला तर पोरं वर्गणी गोळा करायची न्हाईत. कॅसेटी बघून कुणाचं पोट भरलंय? आनि त्यात हाय काय? निम्म्या सामन्यांत आमी हरलोय."

"मग मतदान घेऊ. यल्लाप्पा, तुमचं मत?"

यल्लाप्पा कॅप्चर कार्डाकडं बघत होता. ते दिसायला अगदी साधं होतं. पंखा नाही, काही नाही. मागं तीन भोकं.

"मी मत देत न्हाय," तो म्हणाला. "पोरांचंच घ्या. मला फकस्त एकदा बघू द्या."

काउंटरच्या पलीकडं प्रसेनजीतनं दोन्ही कार्डं उगाच सरळ करून ठेवली. त्यानं फोटोकडं बघायचं टाळलं, आणि ते टाळताना बाळासोंनी त्याला पकडलं.

"काय शेठ? भ्या वाटाय लागलं व्हय?"

"भ्यायचं काय त्यात," प्रसेनजीत म्हणाला. "मलाही बघायचंय. कार्ड तात्पुरतं लावतो. बघा, आणि मग ठरवा."

"तात्पुरत्याला ठराव लागत नाही," उदयसिंहानं निर्वाळा दिला.

प्रसेनजीत स्क्रू आवळू लागला. बाळासो आणि उदयसिंह पलीकडं मॉनिटर निवडायला गेले. तिथून बाळासोंचा आवाज येत होता, की पडदा सपाट कसा, टीव्हीला कसं जरा पोट असतं. यल्लाप्पा स्टूल ओढून जवळ बसला.

"खरं सांगा अण्णा," मान वर न करता प्रसेनजीतनं विचारलं. "कुठं होता?"

"मला काय ठावं?"

प्रसेनजीतचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"झेप टाकली तवा डोळ्यात माती गेली," यल्लाप्पा हळू आवाजात म्हणाला. "डोळं मिटलं. उघडून बघतोय तर चेंडू हातात. त्यो कुठनं हातात आला ते तुमी बघितलं, रेफ्रीनं बघितलं, गावानं बघितलं. मी सोडून समद्यांनी."

"मग रेषेवर म्हणता ते?"

"इचारल्यावर कायतरी सांगाय लागतंय की."

व्हीसीआर जोडला. कॅसेट आत गेली. पडद्यावर आधी गुलाबाचं फूल उमललं, त्यातून सोनेरी अक्षरांत सामन्याचं नाव आलं. कॅमेरेवाल्याला लग्नाची सवय होती. मग धुरळा, आरडाओरडा, स्टेडियमची भिंत. समिती खुर्च्या ओढून जवळ आली. तो प्रसंग आला आणि निमिषात गेला. डावीकडून लाथ, उजवीकडं झेप, एक ढीग, आणि डाव्या कोपऱ्यात हात वर करून नाचणारा प्रसेनजीत.

"आत हाय," बाळासो म्हणाले.

"थांबा, आप्पा. आता हळू दाखवतो. एका सेकंदाची पंचवीस चित्रं असतात. एकेक बघायचं."

तो एक कळ दाबत गेला आणि चित्रं एकेक पाऊल टाकत पुढं सरकली. पांढरा पट्टा कुठंच नव्हता. रेषा चुन्याची, थोडी वाकडी, पण स्वच्छ दिसत होती. पहिल्या चित्रात चेंडू हवेत. दुसऱ्यात चेंडू यल्लाप्पाच्या हातापाशी. तिसऱ्यात पाठ. चौथ्यात पाठ. पाचव्यात पाठ. पुढच्या कितीतरी चित्रांत पाठच. मग उठणारा यल्लाप्पा, आणि चेंडू त्याच्या पोटाशी.

बाळासो पडद्याजवळ वाकले. "ही आडवी पाठ कुणाची?"

"माझीच," यल्लाप्पा म्हणाला.

"जरा बाजूला व्हायचं न्हाईस व्हय, लेका!"

पुन्हा बघितलं. आणखी एकदा बघितलं. उदयसिंहानं पडद्यावर पट्टी लावून बघितली. कॉम्प्युटरनं सगळं दाखवलं होतं. गवताची पात दाखवली, जर्सीवरचा घाम दाखवला, फक्त चेंडू दाखवला नाही.

"मग रेफ्रीचा निर्णय कायम, असं लिहू का?" उदयसिंहानं विचारलं.

"लिव्ह. आनि स्पीकर बघू या चल. आवाज मोठा पायजे."

दोघं उठून गेले. यल्लाप्पा बसून राहिला.

"शेठ. परत पयल्यापास्नं घ्या."

प्रसेनजीतनं घेतलं. चेंडू हवेत. चेंडू हातापाशी. पाठ.

"हितं थांबा."

यल्लाप्पा गोलकडं बघत नव्हता. नऊ वर्षं त्यानं ती जागा बघितली होती. आता तो डावा कोपरा बघत होता. प्रसेनजीतनंही तिकडं बघितलं.

कोपऱ्यात जर्सीतला एक हडकुळा पोरगा उभा होता. त्याचे दोन्ही हात डोक्यावर होते. बोटं केसांत रुतलेली, तोंड उघडं, चेहरा समोरून बस निघून गेलेल्या माणसासारखा. पुढच्या चित्रात हात तिथंच. त्याच्या पुढच्यात मान वळलेली, रेफ्री उभा होता त्या बाजूला. आणखी चार चित्रांनंतर हात केसांतून सुटले आणि वर गेले.

वेगात चालवलं की हे काहीच दिसत नसे. हात वर गेले, एवढंच दिसे.

प्रसेनजीतचं बोट कळीवर तसंच राहिलं. पलीकडून स्पीकरची खरखर आणि बाळासोंचं "आजून मोठा!" ऐकू आलं. यल्लाप्पा ते चित्र बराच वेळ बघत होता; मघाशी कार्ड उलटंसुलटं करून बघत होता तसंच.

"केस लई हुतं तवा तुमचं," तो म्हणाला.

"अण्णा..."

"कार्ड काढा आता. पोरांचं लावा."

"हे राहू दे की. पैशाचं काय ते मी बघतो. तुमच्याकडून काही..."

"कशाला? बघून झालं." यल्लाप्पानं व्हीसीआरची वायर स्वतःच उपटली आणि टॉवेल अंथरला. "आनि त्ये आत उतरलंय त्ये पुसून टाका. मंडळाचा कॉम्प्युटर हाय. पोरं समदं उघडून बघत्यात."

प्रसेनजीतनं कळ दाबली. पडद्यावर एक चौकट आली.

"काय म्हंतंय?"

"नक्की पुसायचं का, विचारतंय."

"मग सांगा की त्याला."

प्रसेनजीतनं थोडा वेळ लावला. मग सांगितलं.

दुपारपर्यंत पंख्याचं कार्ड बसलं, कॅबिनेटला झाकण लागलं आणि दारात रिक्षा आली. कॅबिनेट उचलताना उदयसिंह वाकला, तेव्हा बाळासो पहिल्यांदा समाधानानं हसले. "बघ, कसं जड हाय." ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. उदयसिंह मॉनिटरचं खोकं कवटाळून मागं. यल्लाप्पा व्हीसीआर काखेत घेऊन शेवटी चढायला निघाला.

ज्ञानू ग्लास गोळा करायला आला होता.

"घेतला म्हनं कॉम्प्युटर! मग काय गोलकी, आत हाय न्हवं?"

यल्लाप्पाचा एक पाय रिक्षात होता. दुकानाच्या दारात प्रसेनजीत उभा होता. त्याचं तोंड थोडं उघडलं होतं.

"काय की, ज्ञानू," यल्लाप्पा म्हणाला. "माझीच पाठ आडवी आली."

ज्ञानू ग्लास घेऊन तसाच उभा राहिला. या उत्तरावर पुढं काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं. आजवर कधी गरज पडली नव्हती.

रिक्षा वळून गेली. दारात प्रसेनजीतचे दोन्ही हात कधी डोक्यावर गेले ते त्याला कळलं नाही. बोटांना पूर्वीइतके केस लागले नाहीत. तो तसाच उभा राहिला, रस्त्याकडं बघत, आणि मग त्यानं हात सावकाश खाली घेतले.

या वेळी ते वर गेले नाहीत.