धुराचा आळ

मनोहररावांच्या नाकाशी फलटणात कुणी पैज लावत नसे. चाळीस वर्षं बेकरीची लाकडाची भट्टी चालवलेला माणूस. रस्त्याच्या वळणावरूनच सांगायचे की भट्टीत आज बाभूळ आहे की आंबा, आणि आंबा असेल तर कुणाच्या बांधावरचा. एकदा लोणंदच्या स्टँडवर एका परक्या माणसाला त्यांनी सांगितलं, तुमच्या घरी आमटी लागली आहे. माणूस साताऱ्याचा. त्याने घरी फोन केला, तर खरंच लागली होती.

अशा नाकाच्या धन्यावर अमेरिकेत अ‍ॅशबर्नला, पोटच्या मुलाच्या घरात, विडीचा आळ आला.

मिहीरने हॉलमध्ये पेलेट स्टोव्ह बसवला होता. दर्शनी काचेची लोखंडी पेटी, मागून भिंतीबाहेर गेलेलं धुराडं, आणि पोटात जाळायला भुसा दाबून केलेले बारके तुकडे. मनोहररावांनी पहिल्या दिवशी पिशवीत हात घालून पाहिला आणि शेळीच्या लेंड्यांसाठी इथले लोक पैसे मोजतात याचं नवल केलं. पण ऊब चांगली होती. मग डिसेंबर लागला आणि घरात धुराचा वास यायला लागला. दिवसभर नाही, संध्याकाळचा, जेवणाच्या आधी.

मिहीरने राख काढली, स्टोव्हच्या दाराभोवतीची सीलची दोरी बदलली, धुराड्याचे सांधे सिलिकॉनने लिंपले. वास हलेना. तेव्हा इंजिनिअर माणूस शेवटी ज्या निष्कर्षाला येतो त्याला तोही आला: मशीनमध्ये दोष नाही, म्हणजे माणसात आहे.

तोंडावर कुणी बोललं नाही. सुमेधाने, म्हणजे सुनेने, सहज विचारलं की बाबा, संध्याकाळी मागच्या डेकवर जाऊन बसता का कधी. नऊ वर्षांच्या इलाने व्यसनमुक्तीचं शाळेतलं रंगीत पत्रक त्यांच्या उशीवर ठेवलं. आणि मग बारामतीहून बहिणीचा फोन आला, दादा, या वयात? मिहीरने फॅमिली ग्रुपवर चार परिच्छेद लिहिले होते, वर फुप्फुसाचं चित्रही जोडलं होतं.

मनोहरराव त्या दिवशी जेवले नाहीत. विडी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी सोडली होती. त्यांच्या बायकोने, उत्तराने, जायच्या आधीच्या वर्षी तेवढं एकच मागितलं, आणि त्यांनी तिच्यासमोर बंडल भट्टीत टाकलं होतं. तेव्हापासून ओढणाऱ्याच्या शेजारीसुद्धा उभे राहिले नव्हते. नुसतं विडी ओढतो म्हटलं असतं तर त्यांनी सोसलं असतं. पण याचा अर्थ उत्तराला दिलेला शब्द खोटा, असा होत होता.

"तंबाखूचा धूर आणि लाकडाचा धूर तुला वेगळा ओळखता येत नाही?" त्यांनी मुलाला विचारलं. "बेकरीत रांगत मोठा झालास ना तू?"

"बाबा, स्टोव्ह मी पूर्ण चेक केलाय," मिहीर म्हणाला. "आणि आम्ही तुम्हाला जज नाही करत यार."

बापाला यार म्हटल्यावर तो स्वतःच चपापला आणि वर निघून गेला.

मनोहररावांनी खुर्ची ओढली आणि स्टोव्हसमोर बसले, लग्नघरात आचाऱ्यावर नजर ठेवणारा मामा बसतो तसे. चार संध्याकाळी हलले नाहीत. पाचपासून ज्योत ताठ, पिवळीधमक. साडेसहाला सुमेधा कढल्यात तेल घ्यायची, आणि मिहीर असेल तिथून धावत येऊन गॅसवरचा मोठा एक्झॉस्ट आणि दोन्ही बाथरूमचे पंखे फुल करायचा. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं होतं, वा, आज करी कुणी आणली? त्या दिवशी मिहीरच्या डब्यात सॅलड होतं. वास जॅकेटचा होता. तेव्हापासून त्या घरात तीन पंख्यांशिवाय मोहरी तडतडली नव्हती. त्यांची ओढ अशी, की एकदा कढीपत्ता तेलात पडलाच नाही, वरच्या वर निघून गेला. इला साक्षीला आहे.

पंखे लागले की पाच मिनिटांत ज्योत मान टाकायची. तांबडी, सुस्त व्हायची, काच काळवंडायची, आणि वास यायचा. श्वास कोंडलेली भट्टी मनोहररावांनी आयुष्यात कमी पाहिली नव्हती.

शुक्रवारी त्यांनी तिघांना हॉलमध्ये उभं केलं आणि देवघरातली उदबत्ती पेटवली. ती घेऊन पुढच्या दाराच्या फटीपाशी उकिडवे बसले. पंखे बंद होते. धूर सरळ वर गेला. त्यांनी इलाला तिन्ही पंखे लावायला सांगितलं. धूर आडवा झाला आणि फटीपासून घरात पळत सुटला.

"होली काउ," इला म्हणाली.

घर हवा ओढतंय, त्यांनी समजावलं. मिळेल त्या फटीतून ओढणार. स्टोव्हच्या तोंडची हवा पळवणार, वर त्याचा धूरही ओढून आणणार.

"नाही बाबा, तसं होणारच नाही," मिहीर म्हणाला. "स्टोव्हला बाहेरून हवा आणायला मागे वेगळा पाइप आहे. तो घरातली हवा घेतच..."

तिथे त्याचं वाक्य थांबलं, आणि चेहरा स्टोव्हच्या काचेसारखा झाला.

मनोहररावांनी बॅटरी घेऊन स्टोव्हच्या मागे हात घातला. हवेचा पाइप सोडवून बाजूला टाकलेला होता. भिंतीतल्या भोकात तपकिरी लोकर कोंबलेली होती. ओढली, तर कानटोपी निघाली. उत्तराने विणलेली. नोव्हेंबरच्या शेवटी हरवलेली, जिच्यासाठी त्यांना महिनाभर ऐकावं लागलं होतं की बाबा, देवळात विसरलात, वय झालं आता.

"तुम्हीच म्हणत होतात, पायाला गार वारा लागतो," मिहीर पुटपुटला. "हाताला लागलं ते घातलं."

मनोहररावांनी टोपी गुडघ्यावर झटकली.

"विडीचा आळ मी सोडून देईन," ते म्हणाले. "पण तिच्याच टोपीचा बोळा करून तिच्याच नवऱ्याला खोटं पाडलंस. ग्रुपवर लिही."

मिहीरने पाइप जोडला. मग फोन काढून लिहिलं: बाबा विडी ओढत नाहीत. चूक माझी. मनोहररावांनी वाचून फोन परत दिला. आळाला चार परिच्छेद होते, माफी दीड ओळीत भागणार नाही. आणि चित्रही हवं, टोपीचं. चौथा परिच्छेद होईपर्यंत आमटी निवली. बारामतीहून उत्तर आलं, नुसता अंगठा.

आता त्या घरात फोडणीला एकच पंखा लागतो आणि खिडकी दोन बोटं उघडी राहते. मिहीरच्या जॅकेटला हिंगाचा वास येतो, आणि त्याबद्दल बोलायची त्याची प्राज्ञा नाही.

धुराचा वास मुरलेली टोपी मात्र मनोहररावांनी धुऊ दिली नाही. पुरावा धुवायचा नसतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये ती घालून बसले, तेव्हा शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, खुर्ची वीतभर सरकवली आणि हळूच विचारलं, काका, तुम्ही विडी ओढता का हो?

मनोहरराव कुणीतरी विचारायचीच वाट पाहत होते. त्यांनी कोटाच्या खिशातून उदबत्तीचा पुडा काढला.

"चला," ते म्हणाले, "आधी या हॉलचं दार कुठंय ते दाखवा."